हिरवी बाटली उन्हात

त्या दिवशी चैत्राचं ऊन असं होतं, की आमच्या बिअरबारच्या अंगणातल्या लोखंडी खुर्चीला हात लावता येईना. बाटलीबंद बिअर विकणारे खासनीससाहेब आमच्या मालकांना सांगत होते, "हा नळ काढाच. पिंपातली बिअर चार दिवसांत मरते. आमची बाटली सहा महिने जशीच्या तशी!"

मालकांनी मान डोलावली. नळ गेला की त्यावर पेले भरणारा मीही गेलो, हे मला कळलं.

मी हात जोडले. "साहेब, आधी सावकाश जेवून घ्या. तोवर तुमची हिरवी बाटली आणि माझं पिंप उन्हात ठेवू. मग दोन्ही गार करून मालकांनी चाखावं."

"ठेव रे म्हाताऱ्या!" साहेब हसले.

जेवणं झाली. दोन्ही बिअर गार करून मी पेले भरले. मालकांनी नळाची बिअर पिऊन पेला खाली ठेवला. मग बाटलीचा पेला नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं.

"शी! घुशीचा वास येतोय."

साहेब गोरेमोरे झाले. मी हळूच म्हटलं, "सहा महिने टिकणारी बाटली आमच्या अंगणात एका जेवणापुरती टिकली नाही, साहेब."

नळ राहिला. शेजारचा सोडावाला अन्वर माझ्या कानाशी लागला, "मामा, हिरव्या काचेतून उजेड शिरला की बिअरला वास सुटतो, हे बरोबर हेरलंत. पण त्यानं उजेड न शिरणारे पत्र्याचे डबे आणले असते, तर आज नळासकट तुम्हीही गेला असता!"