मसाल्याच्या खोलीतला कॅमेरा

कोल्हापूरचे मगदूम मालक मसाल्याचं माप दार लावून एकटेच घालत. प्रमाण बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं.

एकदा त्यांनी कारखानाभर कॅमेरे बसवले, घरबसल्या मोबाइलवर दिसतील असे. एक त्या बंद खोलीतही आणि एक कामावरच्या बायकांच्या जेवायच्या खोलीतही. बसवणारा म्हणाला, "पासवर्ड तेवढा बदला."

"खोक्यावर छापलाय तोच राहू दे. नवा कोण लक्षात ठेवणार?" म्हणत मालकांनी रिकामं खोकं मिरच्यांचे देठ टाकायला बायकांकडे भिरकावलं.

मिरच्या निवडणाऱ्या सुगंधाबाई उठल्या. "मालक, जेवायच्या खोलीतला कॅमेरा काढा. तिथं आम्ही घटकाभर पाठ टेकतो."

"ज्याला लपवायचं काही नाही, त्यानं कॅमेऱ्याला कशाला भ्यायचं?" असं सुनावून मालक मसाला घालायला गेले.

बाहेर आले तर सुगंधाबाई दारातच उभ्या. त्या हळूच म्हणाल्या, "दगडफूल तीन मुठी, नागकेशर दीड, आणि शेवटी त्या निळ्या पुडीतलं..."

मालकांच्या हातातलं माप खणकन खाली पडलं. तीस वर्षं जपलेलं गुपित ही बाई घडाघडा बोलत होती! "तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"तुम्हीच दाखवलंत. पासवर्ड देठांच्या खोक्यावर आहे." त्यांनी आपला मोबाइल पुढे धरला. त्यात मालकांची परात लख्ख दिसत होती. "पुडीचं नाव घेऊ का मोठ्यानं? लपवायचं काही नसेल, तर भ्यायचं कशाला?"

मालकांनी शिडी मागवली, आणि आधी जेवायच्या खोलीत लावली.