कोल्ह्याने विकलेले काटे

माणसं गाव सोडून कायमची निघून गेली, त्यानंतरची ही गोष्ट. ओढ्याच्या अलीकडे लाल तोंडाची माकडं राहत, पलीकडे काळ्या तोंडाची वानरं. दोघांत बोलणंचालणं नव्हतं. कोल्हा अलीकडे येऊन सांगे, "वानरं तुमची पिल्लं पळवणार आहेत हो!" आणि काकड्या घेऊन बाभळीचे काटे विके. मग पलीकडे जाऊन माकडांबद्दल तेच सांगे.

एके सकाळी तांबी माकडीण काटा घेऊन पहाऱ्याला बसली होती. समोरच्या काठावर एक म्हातारा वानर कण्हत होता. त्याचाच काटा त्याच्या तळपायात रुतला होता. तांबी भ्याली, पण तिला बघवेना. ती ओढा ओलांडून गेली.

"मारू नकोस गं बाई!"

"पाय हलवू नका, आजोबा."

तिने आपल्या काट्याने त्याचा काटा काढला. आजोबांनी सुटकेचा श्वास सोडला. "इतकी गुणाची पोर तू, मग आमची पिल्लं कशाला पळवता गं?"

"आम्ही? कोल्होबा तर म्हणाले, तुम्हीच पळवणार!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग पोट धरून हसली.

दुपारी कोल्हा नवा भारा घेऊन आला, तर ओढ्यात लाल-काळी पिल्लं एकमेकांवर पाणी उडवत होती.

"अरे, पहारा कुठे गेला?"

"पोहायला," तांबी म्हणाली. "तुम्हीही या की, कोल्होबा. फक्त काटे बाहेर ठेवा."