कोऱ्या सर्व्हरचं कुलूप

१२ डिसेंबर, गुरुवार. सकाळी धुकं होतं, दहानंतर स्वच्छ ऊन पडलं.

दूध संघाच्या ऑफिसात आदल्या दिवशी नवा लिनक्स सर्व्हर बसला होता. तो बसवणाऱ्या कंपनीचे प्रतिनिधी श्री. चिटणीस देखभालीचा करार घेऊन अध्यक्षांसमोर बसले होते. त्यावर सही झाली की संघाचा संगणक विभाग बंद, आणि तो एकटीने सांभाळणाऱ्या निर्मला वाघचौरे घरी.

"ॲडमिनचा पासवर्ड संघाकडे नको का?" निर्मलाबाईंनी विचारलं.

चिटणीस हसले. "मॅडम, माझ्याशिवाय हे मशीन कुणाचं ऐकत नाही. तुम्ही ऐकायला लावा, मी करार परत नेतो."

"आबा, ऐकलंत ना?" बाई अध्यक्षांना म्हणाल्या आणि चिटणिसांकडे वळल्या. "आत संघाचं काही भरलंय का हो?"

"छे, अजून कोरं आहे."

निर्मलाबाईंनी पर्समधला लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह सर्व्हरला लावला आणि जुनं पुसून लिनक्स पहिल्यापासून पुन्हा बसवलं. बसवताना ॲडमिन कोण, हे मशीनच विचारतं. त्यांनी आपलं नाव आणि नवा पासवर्ड टाकला.

"अहो, तुम्ही माझं सगळं पुसलंत," चिटणीस उठलेच.

"आत तुमचं कुलूपच तेवढं होतं, साहेब. रिकाम्या घराचं कुलूप फोडत कोण बसतं? मी घरच नवं बांधलं. इथे ते चहा निवेपर्यंत होतं."

आबांनी पेनाला टोपण लावलं.

करार सहीविना परत गेला. पासवर्ड निर्मलाबाईंकडे राहिला आणि त्याची प्रत सीलबंद पाकिटात आबांच्या कपाटात ठेवली गेली.