बाद झालेला ठिपका

एकदा एक तरुण डॉक्टर आपल्या वृद्ध गुरूंना आग्रहाने एका शाळेत घेऊन गेला. नववीच्या मुलांना साथीचे रोग कसे पसरतात ते कळावे म्हणून त्याने संगणकावर एक खेळ रचला होता. पडद्यावर वर्गातल्या प्रत्येकाचा एक ठिपका. निरोगी तो निळा, आजारी तो तांबडा, आजारातून उठलेला तो राखाडी; ज्याला रोग आधीच होऊन गेला, तो पहिल्यापासूनच राखाडी. राखाडी ठिपक्यावर एक शब्द उमटे : 'बाद'. त्याला तो रोग पुन्हा होत नाही, त्याच्याकडून दुसऱ्याला होत नाही, म्हणून हिशेबातून बाद. शास्त्राला धरूनच होते सारे.

मुलांनी मात्र हा शब्द मैदानावर शिकलेला. ठिपका राखाडी झाला रे झाला की वर्ग ओरडे, "बाद! बाद!"

मागच्या बाकावर तनुजा एकटी बसली होती. महिन्यापूर्वी तिला कांजिण्या झाल्या होत्या. खपल्या पडल्या, डॉक्टरांनी शाळेत जायला सांगितले, ती आली. पण शेजारची हर्षदा दुसऱ्या बाकावर गेली ती गेलीच. तिच्या घरी तान्हा भाऊ होता, तिला भीती वाटे. तनुजा त्या जागेवर आपले दप्तर ठेवी, म्हणजे जागा रिकामी दिसत नसे. चौदाव्या वर्षी याहून मोठे दुःख नसते हो.

गुरू तिच्यापाशी गेले. "बाळ, तुझा ठिपका कोणता?"

"राखाडी. मी आधीच बाद आहे ना," ती म्हणाली, आणि तिने हसून दाखवले.

गुरू शिष्याकडे वळून म्हणाले, "हे सगळे राखाडी काढून टाक. त्यांच्या जागी कधीच आजारी न पडलेले निळे बसव, आणि खेळ पुन्हा सुरू कर."

"पण सर, मग सगळा धडाच बिघडेल!"

"बिघडू दे की!"

मघाशी निम्म्यावर थबकलेली साथ आता सुसाट सुटली. बघता बघता पडदा लालभडक झाला. हर्षदाने आपल्या ठिपक्याजवळ हौसेने एक इवलासा ठिपका मांडला होता, भावाचा. तोही तांबडा झाला.

"अगं बाई!" तिच्या तोंडून निघाले. कोणी हसले नाही.

गुरू म्हणाले, "मघाशी हे बाळ निळेच राहिले होते. त्याला कोणी राखले? ज्यांना तुम्ही बाद म्हणत होतात, त्यांनीच. साथ त्यांच्यापर्यंत आली आणि तिथेच अडली. शेतात पाणी अडवतो, त्याला काय म्हणतात?"

"बांध," कोणीतरी हळूच म्हणाले.

"हं. लस घेतली तर आजारी न पडताही असा बांध होता येते. डॉक्टरा, तुझे शास्त्र बरोबर आहे रे, शब्द तेवढा चुकला. रोग बाद झाला, पोर नाही."

शिष्याने मान खाली घालून 'बाद' पुसले आणि तिथे 'बांध' लिहिले.

सुट्टीची घंटा झाली. वर्ग रिकामा होऊ लागला, तशी हर्षदा मागच्या बाकापाशी येऊन घुटमळली.

"तनू, इथे कोणी बसतं का गं?"

तनुजाने दप्तर उचलले आणि मांडीवर घेतले.