दवाखान्याची फिरती खुर्ची

कळकीच्या बनापलीकडे एक रान होतं. तिथे लोकशाही होती, त्यामुळे वाघाला दर पाच वर्षांनी नव्याने राजा व्हावं लागे.

त्या रानात सगुणा नावाची साळिंदरीण राहायची. तिची दाढ ठणकत होती. कंदमुळं चावेनात, म्हणून बिचारी पिकली उंबरं चोखून दिवस काढायची. रानात दातांचा दवाखानाच नव्हता, कारण आरोग्यमंत्री होते बगळासाहेब. ते म्हणायचे, "आमच्या घराण्यात आजवर कुणाचा दात दुखलेला नाही. उगाच अफवा पसरवू नका."

निवडणूक आली तशी साहेबांना कणव आली. टेकडी तिथे दवाखाना, अशी घोषणा झाली. पहिल्या टेकडीवर फीत कापली, सगुणाला नव्याकोऱ्या खुर्चीत बसवलं. तिने आ वासला. टाळ्या पडल्या.

मग एक रानडुक्कर म्हणालं, "उठा मावशी. खुर्ची फुडच्या टेकडीवर न्यायचीय. तिथंबी उद्घाटन हाय."

"आन् डॉक्टर?"

"सुतारपक्षी व्हय? त्येंला मतदार मोजायला धाडलंय."

"मग माझी दाढ?"

"ती ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच."

सगुणाचं डोकं फिरलं. तिने काटे फुलवले आणि खुर्ची सोडली नाही. हात कोण लावणार? डुकरांनी तिला खुर्चीसकट उचललं. प्रत्येक टेकडीवर ती आ वासायची आणि साहेब सांगायचे, "या इथल्या पहिल्या लाभार्थी!"

ओढा ओलांडताना डुकरं घसरली, खुर्ची दाणकन आपटली आणि दाढ निखळून पडली. ठणका थांबला. साहेबांनी ती दाढ चोचीत धरून सभेला दाखवली. तोंड अडकल्यामुळे त्यांना बोलता आलं नाही. ते त्यांचं सर्वांत गाजलेलं भाषण. दुसऱ्याच दिवशी विनाडॉक्टर दंतसेवा योजना जाहीर झाली.

सगुणा चिडून विरोधकांच्या सभेला गेली. कासवराव गरजत होते, "दातांसाठी या सरकारने काय केलं?" तिला बरं वाटलं. एवढ्यात कासवरावांनी तोंड भरून जांभई दिली. सगुणा पहिल्याच रांगेत होती. आत एकही दात नव्हता.

तिने मत दिलं, घरी आली आणि उरलेल्या दातांवरून जीभ फिरवून पाहिली. पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरतील, असं तिला वाटलं.