कोरवडीची नागव्वा

ऐका. ही गोष्ट आपल्या पणज्यांच्याही पणज्यांच्या काळातली. तेव्हा ओढ्याकाठच्या या कोरवडी गावावर मालगडच्या राजाचा अंमल होता. राजा वारला आणि त्याच्या दोन मुलांत गादीवरून जुंपली. थोरल्याचं सैन्य निराळं, धाकट्याचं निराळं. गावोगावची तरणी माणसं दोन्हीकडच्यांनी धरून नेली. एका चुलीवर जेवणारे दोन भाऊ, एक इकडे गेला, एक तिकडे. पेरायला माणूस उरला नाही. जे पिकलं ते आज हे ओढून नेत, उद्या ते. तीन वर्षं असं चाललं. शेवटी लांबवर धूळ उडाली की ती कोणाच्या घोड्यांची हेही कोणी बघेना. माणसं नुसती पळत सुटत.

त्या गावात नागव्वा नावाची वडारीण राहायची. नवरा होता तोवर तो पेवं खणायचा. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आतलं पोट घराएवढं. नवऱ्यामागं ते काम नागव्वा आणि तिचा एकुलता एक मुलगा तिमाप्पा करू लागले. बंद पेवातली हवा विषारी होते. नवखा माणूस उतरला तर बसल्या जागी मरतो. पण नागव्वा तोंडाशी वाकायची, क्षणभर डोळे मिटायची आणि सांगायची, आज उतरायचं नाही. तिला जमिनीचा श्वास कळायचा, असं म्हणतात.

मग धाकट्याची माणसं आली आणि तिमाप्पाला भाल्याचा धाक दाखवून घेऊन गेली. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. तो जिता आहे की मेला, हे तिला कोणी सांगितलं नाही.

चैत्रातल्या एका दुपारी शेजारच्या गावाकडून धूर दिसू लागला. मागोमाग एक बाई धावत आली. तिच्या लुगड्याचा पदर जळलेला होता. खिंडीत थोरल्याचं सैन्य फुटलं होतं आणि धाकट्याची फौज पळणाऱ्यांचा माग काढत निघाली होती. त्या गावानं पळणाऱ्यांना पाणी पाजलं, एवढ्यावरून गाव पेटवून दिलं होतं.

कोरवडीत तेव्हा चाळीसेक माणसं उरली होती. म्हातारी, लेकुरवाळ्या, पोरं. नागव्वा त्यांना ओढ्याच्या बाजूच्या माळावर घेऊन गेली. तिथं जुनी तीन पेवं एका रांगेत होती. मधलं आणि ओढ्याकडचं बुजल्यासारखं होतं, पहिलं रिकामं आणि चांगलं होतं. तिनं त्याचा दगड सरकवला, तोंडाशी वाकून क्षणभर डोळे मिटले.

"चला खाली."

तुळसाक्का नावाची म्हातारी मागं सरली. "जित्तेपणी पुरून घ्यायचं होय गं?"

"वर राहिलात तर पुरायलाही कोणी उरायचं नाही," नागव्वा म्हणाली.

एकेक करून सगळे उतरले. नागव्वा कुदळ घेऊन शेवटी उतरली आणि तिनं आतून दगड ओढून घेतला. अंधार झाला. शेजारचं माणूसही नुसतं श्वासावरून कळत होतं.

फौज निघून जाईल असं वाटलं होतं. पण माळावर गवत होतं आणि पलीकडे पाणी. फौजेनं तळ ठोकला तो नेमका त्यांच्या डोक्यावर! टापा वाजू लागल्या. छताची माती केसांत पडू लागली. कोणीतरी घोडे बांधायच्या लांब मेखा ठोकत होतं. ठण्, ठण्, आणि एका मेखेचं टोक छत फोडून आत आलं. खाली बसलेल्या एका बाईच्या गालाला ते घासलं. तिनं हू की चू केलं नाही.

थोड्या वेळानं पोरं पेंगू लागली. आयांना बरं वाटलं. नागव्वाच्या मात्र अंगावर काटा आला. हवा संपत आली होती.

"उठवा त्यांना. झोपली तर उठायची नाहीत," ती कुजबुजली. "मी मधल्या पेवात भोक पाडते. त्याच्या पुढच्या पेवाची कड ओढ्यात ढासळलीय. तिथून बाहेर पडू."

"आवाज होईल की!"

नागव्वानं पदर खोचला. तिनं कुदळ उचलली.

किती वेळ खणलं कोण जाणे. भिंत फुटली, आणि पलीकडून एक रक्ताळलेला हात आत आला. त्या हातात सुरी होती. बुजत आलेल्या तोंडातून घुसून मधल्या पेवात दोघं शिपाई लपलेले होते, थोरल्याचे. एकाचं नाव हैबती. दुसऱ्याचा पाय मांडीपासून चिरला होता.

तुळसाक्काचा मुलगा थोरल्याच्या माणसांनी मारला होता. तिनं अंधारात चाचपून दगड उचलला.

"मावशी, मारायचं तर मार," हैबती म्हणाला. त्याच्या हातातली सुरी गळून पडली. "पण आधी त्याला पाणी दे. सकाळपासून मागतोय."

दगड मातीवर पडला. मग तांब्या घासत पुढं सरकल्याचा आवाज आला.

नागव्वा पुढची भिंत खणू लागली. हैबती सुरीनं माती उकरू लागला. आणि वर घोडे कान टवकारून खिंकाळू लागले. शिपाई उठून बसले. पायाखालून ठोके येत होते.

"कोणीतरी दडलंय खाली. पहारी आणा," सरदार ओरडला.

एका शिपायानं जमिनीला कान लावला. दोन ठोके, मग थांबा. दोन ठोके, मग थांबा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. असं खणणारं माणूस साऱ्या मुलखात एकच होतं. तो शिपाई तिमाप्पा होता.

तो उडी मारून उठला आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, "भुई फाटतेय! पळा! भुई फाटतेय!"

त्याच घटकेला भुई खरोखरच तीनदा कण्हली, असं म्हणतात. हजार माणसांची फौज, खिंडीत जिंकून आलेली, तंबू, भाकऱ्या, भाले टाकून पळाली. घोडे मेखा उपटून उधळले.

खाली तोवर वाट झाली होती. माणसं रांगत ओढ्यात उतरत होती. हैबतीनं पोरं बाहेर काढली. पण जखमी शिपाई मधल्या पेवातच राहिला होता. नागव्वा परत फिरली. तिनं त्याला खांद्यानं रेटत भोकातून पुढं लोटलं, हैबतीनं त्याचे हात धरून ओढलं. आणि तेवढ्यात घोड्यांचा लोंढा माळावरून गेला. मधलं पेव खाली बसलं.

तिमाप्पा धावत ओढ्यात आला. एकेक तोंड बघत गेला.

"आई कुठाय माझी?"

हैबतीनं बसलेल्या पेवाकडं हात केला. तिमाप्पानं वर माळाकडं बघितलं. टापांनी उधळलेली धूळ अजून खाली बसली नव्हती. तो वर धावला आणि हातांनी माती उकरू लागला.

तीन दिवस तो आणि हैबती माती उपसत होते. तुळसाक्का टोपलीनं माती ओढ्यात टाकत होती. चौथ्या दिवशी ते तळाशी पोचले. तिथं नागव्वा नव्हती. कुदळही नव्हती. पेवांची रांग सोडून आडव्या बाजूला, मालगडाच्या दिशेनं, भिंतीत ताजं खणलेलं भुयार होतं. तिमाप्पा आत शिरला आणि अंधार संपेना म्हणून संध्याकाळी परत आला. आणखी किती गावं पेवांत दडून बसली असतील, त्यांना काढायला ती पुढं गेली, असं म्हणतात.

त्या पळालेल्या फौजेतले निम्मे शिपाई परत गेलेच नाहीत. आपापल्या घरी जाऊन नांगराला लागले.

आजही चैत्रात, त्या तिथीला कोरवडीत कोणी घोडं, बैल, गाडी माळावरून नेत नाही. दुपारी सगळं गाव तिथं जमतं. वाटसरू आला तर त्याला गाव, जात, धनी काही न विचारता आधी पाणी देतात. मग सगळ्यात म्हातारी बाई मुठीनं जमिनीवर दोन ठोके मारते, थांबते, पुन्हा दोन ठोके मारते. सगळे आडवे होऊन मातीला कान लावतात.

ऐकू आलं का, असं पोरं हळूच विचारतात. म्हाताऱ्या त्यांच्या तोंडावर हात ठेवतात, आणि स्वतः ऐकतच राहतात.