केरबा आचारी पोटाला पट्टा बसवतो

एका गावात एक भोळा आचारी होता. नाव केरबा. इतका भोळा, की कुणी "जरा मीठ बघ" म्हटलं, तर बरणी उघडून मिठाकडे बघत बसायचा. पण हाताला चव अशी, की चार गावांतलं एकही लग्न त्याच्याशिवाय पार पडत नसे. आणि प्रत्येक लग्नात तो एकटा पाच माणसांचं जेवायचा.

वजन गेलं एकशे चाळीस किलोवर. साखर वाढली. गुडघे कुरकुरायला लागले. दोन पायऱ्या चढला तरी लोहाराच्या भात्यासारखा फुसफुसायचा. एक दिवस बायको, गिरजा, रडायलाच लागली.

"तुम्ही गेलात तर मी ओरडू कुणावर?"

केरबाला ते पटलं. शहरात जाऊन त्यानं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर सबनीसबाईंनी त्याच्या जठराला बँड बसवला. बँड म्हणजे एक छोटा पट्टा. त्यानं चार घासांत पोट भरतं.

बाई म्हणाल्या, "आधी काही दिवस फक्त पातळ. आणि एका वाटीच्या वर खायचं नाही."

"बरं," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गिरजा स्वयंपाकघरात आली, तर केरबा डोक्यावर वाटी घेऊन बसलेला. पुढ्यात पातेलंभर पेज.

"अहो, हे काय?"

"वाटीच्या वर खायचं नाही ना? वाटी वर आहे. मी खाली खातोय."

पाचव्या घोटाला पोटानं सगळी पेज परत पाठवली. गिरजानं वाटी डोक्यावरून काढून हातात दिली. "हिच्यात मावेल तेवढंच. आणि सावकाश. बाई म्हणाल्या ना, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा?"

"बरं."

दुपारी केरबा ताक चावत बसला. दाढा एकमेकींवर आपटत होत्या. सोळाव्या वेळेला आकडा चुकला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. वाटीभर ताकाला संध्याकाळ झाली.

"अहो, ताक कुणी चावतं का? ते गिळायचं असतं!"

"बरं. गिळायचं."

महिन्याभरानं मऊ खायची परवानगी मिळाली. गिरजानं हौसेनं इडली केली. केरबानं ती गिळली. अख्खी. मग डोळे पांढरे करून भिंतीला टेकला. गिरजानं पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडाला लावला, तसं आणखीच अवघड झालं. शेवटी ती रिक्षात घालून त्याला सबनीसबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी इडली सोडवली आणि दोघांनाही झापलं.

"चावल्याशिवाय गिळायचं नाही. अडकल्यासारखं वाटलं, तर वरून पाणी ओतायचं नाही. खाणं थांबवायचं, जरा चालून यायचं. नाहीच उतरलं तर इथे यायचं."

"बरं," केरबा म्हणाला. त्यानं लक्षात ठेवलं. केरबा सगळंच लक्षात ठेवायचा, तीच तर पंचाईत होती.

तीन दिवसांनी गिरजा कपडे वाळत घालत होती. आतून वास आला. ती ओरडली, "अहो, भात पातेल्याला चिकटतोय! पाणी ओता!"

केरबानं पातेल्यात डोकावून पाहिलं. भात खरंच अडकला होता. त्यानं पाण्याला हात लावला नाही. चपला घातल्या आणि मारुतीच्या देवळापर्यंत चालून आला. तोवर भाताचा कोळसा झाला होता.

गिरजानं कपाळावर हात मारला. "धूर दिसला की चालत सुटायचं नाही! पाणी ओतायचं. जेवढं असेल तेवढं!"

"बरं."

पुढच्या आठवड्यात गिरजाच्या भावाच्या, रंगनाथच्या, मुलीचं लग्न होतं. स्वयंपाक अर्थात केरबाकडे. गिरजानं आदल्या दिवसापासून बजावलं, "माझ्या माहेरचं कार्य आहे. नाक कापू नका." केरबानं लग्नाच्या दिवशी विळी मदतीच्या बाईच्या हातात दिली.

जेवण झकास झालं होतं. मसालेभाताचा वास वेशीपर्यंत गेला होता. केरबा घाम पुसत मांडवात आला आणि थबकला. नवरा-नवरी बसली होती, त्यांच्यासमोर धूर निघत होता. एवढा मोठा धूर, आणि भटजी पाणी ओतायचं सोडून तूप ओतत होते!

केरबा धावत गेला. पिंपभर पाणी उचलून आणलं. ओतलं.

होम विझला. नवरीची मुंडावळी नवऱ्याच्या कानाला जाऊन चिकटली. भटजींचा मंत्र अर्ध्यात बुडाला.

रंगनाथ हात जोडून म्हणाला, "दाजी, तुमच्या पाया पडतो. आता होमाला हात लावू नका."

होम पुन्हा पेटला, लग्न लागलं, पंगती उठल्या. केरबा मात्र एका कोपऱ्यात बसून राहिला. त्याला फार वाईट वाटलं होतं. वाईट वाटलं की त्याला भूक लागायची. वाटीभर भात खाल्ला, तरी भूक. त्यानं सबनीसबाईंना फोन लावला.

"बाई, सारखी भूक लागतेय."

बाई म्हणाल्या, "मग बँड सैल असणार. आवळायला हवा. फार घट्ट नाही, घोटभर पाणी सहज उतरलं पाहिजे. उद्या या."

उद्यापर्यंत कशाला थांबायचं, केरबाला वाटलं. बँड तर मांडवामागेच चहा पीत बसलाय.

वरातीची वेळ झाली. नवरा घोड्यावर चढला, बायका नटून उभ्या राहिल्या. पण वाजेना काहीच. रंगनाथ आणि गिरजा शोधत मांडवामागे गेले. तिथे लाल कोट घातलेले नऊ वाजंत्री एका ओळीत, मांडवाच्या दोरीनं खांबांना आवळलेले. केरबा तांब्या घेऊन एकेकाला पाणी पाजत होता.

"उतरलं का सहज?" तो क्लॅरिनेटवाल्याला विचारत होता.

"अहो, हे काय केलंत!" गिरजा किंचाळली.

"डॉक्टरांचाच हुकूम आहे," केरबा कळवळून म्हणाला. "पण गिरजे, सगळा बँड आवळला, तरी भूक काही जाईना. तो ढोलवाला तेवढा पळालाय बघ. त्याला धरून आण!"